पिवळ्यात लपलेला लाल: ट्रायाजच्या टेबलावर पेशंट कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वॉर्डात काही वर्षं काढलेल्या एका सिस्टरची आता इमर्जन्सी विभागात ट्रायाजच्या टेबलावर, म्हणजे आलेल्यांपैकी कुणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या जागी, नेमणूक झाली आहे. पाचही श्रेणी (लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, निळी; लाल सगळ्यात तातडीची) पाठ आहेत, तक्ता भिंतीवर आहे. तरी एकदम चार-पाच जण दारातून आत आले की आधी कुणाकडे वळायचं ते सुचत नाही. पहिल्या मिनिटात अनुभवी माणूस नेमकं काय बघतो, आणि ज्याला बाहेर बसवून ठेवलं त्याचंच काही बरंवाईट झालं तर काय, असं त्यांनी विचारलं आहे.

सिस्टर, उत्तर लांबणार आहे. हेच टेबल मी बरीच वर्षं सांभाळते आणि नवीन येणाऱ्यांना शिकवतेही.

तुम्हाला धास्ती वाटते ती लाल पेशंटची, असं प्रश्नावरून दिसतं. ती सोडून द्या. ज्याचा श्वास बंद पडलाय, ज्याला झटके येतायत, ज्याच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडतेय, त्याला दारावरचा वॉचमनसुद्धा ओळखतो आणि ट्रॉली ओढत धावतो. तुमची नेमणूक आहे ती दुसऱ्याच माणसासाठी. तो स्वतःच्या पायांनी चालत येतो, नाव-वय नीट सांगतो, खुर्चीत शांत बसतो, आणि त्याच्या हातात तास-दीड तास उरलेला असतो. असा माणूस पिवळ्या किंवा हिरव्या श्रेणीत जाऊन बसतो. त्याला तिथून उचलून काढणं हेच खरं काम.

त्यासाठी वॉर्डातली एक सवय मोडावी लागेल. वॉर्डात आपण "याला काय झालंय?" याचा छडा लावतो. केव्हापासून, आधी काय आजार, कुठली ऑपरेशनं, कुठल्या गोळ्या. ट्रायाजला एका माणसामागे दोन ते पाच मिनिटं मिळतात आणि प्रश्न एवढाच असतो: हा थांबू शकतो का, आणि किती? निदान तुमच्याकडून कुणी मागितलेलं नाही. तक्रार ऐकली की तिच्या पोटात असू शकणारी सगळ्यात वाईट गोष्ट मनात आणायची आणि ती नाही असं म्हणायला समोर काही ठोस आहे का ते बघायचं. सापडलं तर ठीक. त्या दोन-चार मिनिटांत सापडलं नाही, तर पेशंट एक पायरी वर.

आता पहिलं मिनिट. ते पेशंट तुमच्यासमोर बसल्यावर सुरू होत नाही, तो दारातून येताना सुरू होतं. कसा चालतो, कुणाच्या आधाराने, पोट धरून वाकून की ताठ. बसल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकलाय का. ओठांचा रंग. कपाळावर आणि मानेमागे घाम. मग एक मोकळा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर हो-नाहीत देता येणार नाही: "काय झालं ते सांगा." उत्तरात तो काय सांगतो त्याइतकंच तो कसं सांगतो तेही ऐकायचं. आवाज स्वच्छ आला, तर श्वासमार्ग मोकळा आहे. एका दमात वाक्य पूर्ण झालं, तर निदान या क्षणी धाप नाही. बोलण्यात संगती असली, तर मेंदूला रक्त आणि साखर पोहोचतेय. तीन शब्दांनंतर थांबून श्वास घेतला, तर पुढचं ऐकायच्या आधी उठायचं.

तो बोलत असतानाच त्याचा हात हातात घ्यायचा. गार आहे का, चिकट ओला आहे का, मनगटावर नाडी लागते का, भरलेली की दोऱ्यासारखी, नियमित की अडखळत. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. एवढ्यात यंत्र कुठलंच लागलेलं नाही आणि अर्धा निर्णय झालेला असतो.

मग आकडे. आकड्यांत माझा एक हट्ट आहे, तो श्वास मोजण्याचा. कुठल्याही विभागातले जुने केसपेपर चाळून बघा: श्वासाच्या रकान्यात १८, २०, १८, २०. सगळी माणसं एकाच लयीत श्वास घेतात असं नाही, मोजलेलंच नसतं. आणि नेमका हाच आकडा बिघाडात बहुतेक वेळा सगळ्यात आधी बदलतो. पूर्ण मिनिट मोजा. पेशंटला सांगून मोजलं तर त्याची लय बदलते, म्हणून बोटं मनगटावर तशीच ठेवायची, नाडी बघतोय असं भासवायचं आणि नजर छाती-पोटावर ठेवायची. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये सुधारून आणलेल्या न्यूज-२ या गुणपद्धतीत (गुण जितके जास्त, तितका पेशंट गंभीर) श्वास २१ ते २४ असला तर दोन गुण मिळतात. २५ किंवा वर गेला तर त्या एका आकड्यावरच तीन गुण आणि डॉक्टरांनी तातडीने बघण्याची सूचना. (ही पद्धत सोळा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला लावायची नाही, हे लोक विसरतात.)

एक नमुना सांगते, कारण हा फसवतोच. विशी-बाविशीचा मुलगा, दोन दिवस उलट्या, पोटात दुखतंय, घरचे म्हणतात बाहेरचं खाल्लं. बीपी बरं, सॅच्युरेशन ९९. हात आपोआप "गॅस्ट्रो, हिरवा" लिहायला जातो. श्वास मोजा: ३२, आणि प्रत्येक श्वास खोल, उसासा टाकल्यासारखा. फुप्फुसं तर ठीक आहेत, मग हा इतका का ओढतोय? रक्तात आम्ल साठलंय, ते तो श्वासावाटे काढायला बघतोय. बोटातून शुगर केली की मीटर नुसतं "हाय" दाखवतं. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे मधुमेहात साखर वाढून रक्तात आम्ल साठणं. त्याला मधुमेह आहे हे त्यालाही आजवर माहीत नव्हतं. ९९ सॅच्युरेशनवर विसंबून तो दोन तास बाकावर बसला असता.

सॅच्युरेशनचं यंत्र उपयोगी आहे, पण भोळं आहे. गार पडलेलं बोट, नेलपॉलिश, थरथरणारा हात, या सगळ्यांत ते भलतंच दाखवतं. सावळ्या-काळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं. धुरात कोंडलेल्या माणसाला कार्बन मोनॉक्साइडची बाधा झाली असली तर ते खुशाल १०० दाखवील. आणि ऑक्सिजन चालू असताना आलेला ९५ हा साध्या हवेतला ९५ नव्हे. कागदावर "ऑक्सिजनवर" हा शब्द राहिला तर पुढच्याची दिशाभूल झालीच.

बीपीवर तर पहिल्या तासात फार विश्वास टाकूच नका. तरुण माणसाचं शरीर रक्तवाहिन्या आवळून बीपी टिकवतं. एकूण रक्ताचा जवळपास तीस टक्के भाग जाईपर्यंत वरचा आकडा सभ्य दिसू शकतो. म्हणून नाडी आणि बीपी एकत्र वाचायची. नाडीला वरच्या बीपीने भागायचं, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. निरोगी माणसात तो ०.५ ते ०.७ असतो. ०.९ ओलांडला की सावध, १ ओलांडला की उठा. नाडी ११८, बीपी ११०: दोन्ही आकडे सुटे बघितले तर कुणी घाबरणार नाही. भागाकार १.०७ येतो. म्हाताऱ्या माणसात उलट फसगत. बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारी गोळी) चालू असला तर आतून रक्त जात असतानाही नाडी ७० राहते. ज्याचं बीपी एरवी १६० असतं त्याला ११० म्हणजे कमीच. म्हणून वयस्कांना दोन गोष्टी विचारायच्याच: नेहमीचं बीपी किती असतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. ती गोळी चालू असलेला माणूस घसरून पडला आणि डोक्याला साधं टेंगूळ आलं, तरी तो हिरवा नाही.

शुगरबद्दल नियम सोपा: जो नीट बोलत नाही, ज्याला झटका आला, ज्याला दरदरून घाम आलाय, ज्याची एक बाजू लुळी पडलीय, त्याच्या बोटाला सुई टोचायचीच. "प्यायलाय" असं सांगून आणलेल्यालाही. दारूच्या वासाने शुगर कमी असल्याचं आणि डोक्याला मार असल्याचं दोन्ही झाकलं जातं. शुद्धीबाबत सगळ्यात मोलाचा प्रश्न पेशंटला नाही, सोबतच्याला विचारायचा: "हे एरवी असंच बोलतात का?" ऐंशी वर्षांच्या आजी आज सकाळपासून बरळतायत हे नवीन असेल, तर न्यूज-२ मध्ये त्या एकाच गोष्टीचे तीन गुण होतात. ताप नसला तरी. म्हाताऱ्यांना जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा: पाच जण एकदम आले की हात थांबतात. थांबतात, कारण पहिल्याला पूर्ण करूनच दुसऱ्याकडे जायचं असं आपण धरून चालतो. तसं करायचं नाही. आधी सगळ्यांवरून एक फेरी, प्रत्येकी पंधरा-वीस सेकंद, हातात कागद-पेन न घेता. चेहरा, श्वास, एक प्रश्न, हाताला हात. मग बसून एकेकाचं नीट.

समजा दारात असे पाच आहेत. विशीतला मुलगा, कपाळ फुटलंय, शर्ट रक्ताने भिजलाय, तीन मित्र आरडाओरडा करतायत. साठीचे गृहस्थ, मधुमेहाची फाइल व्यवस्थित काखेत, "अ‍ॅसिडिटी झालीय, जळजळतंय, गोळी द्या म्हणजे झालं". पाच आठवड्यांचं बाळ, दुपट्यात गुंडाळलेलं, झोपलेलं, आई म्हणते घरी अंग गरम लागलं. सव्वीस वर्षांची बाई, ओटीपोटात दुखतंय, पाळीचंच असेल म्हणते, मघाशी उठताना घेरी आली होती. आणि पाय मुरगळलेला एक जण, चेहरा वेडावाकडा करून.

फेरी सुरू. कपाळ फुटलेला मुलगा कुणी मारलं ते तावातावाने, वाक्यं पूर्ण करून सांगतोय, हात गरम, नाडी भरलेली. गॉझचा जाड गठ्ठा जखमेवर ठेवून एका मित्राचा हात तिथे दाबून ठेवायचा. रक्त थांबलं, मित्राला काम मिळालं, ओरडाही कमी झाला. बाळाकडे वळायचं आणि दुपटं उघडायचं. सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. झोपलेल्या बाळाला उठवायला जीव होत नाही. उघडलं तर हातपाय सैल, छातीच्या फासळ्यांखाली खळगा पडतोय, श्वास मोजला तर ६४. सकाळपासून दूध घेतलेलं नाही. ते झोपलेलं नाही, ग्लानीत आहे. पहिला आत जाणार तो हा, तुमच्या कडेवर, ट्रॉलीची वाट न बघता.

मग फाइलवाले गृहस्थ. त्यांनी दोनदा म्हटलंय, "माझं काही विशेष नाही, आधी त्यांना बघा." कॉलर बघा: बाकी कुणाला घाम नाही आणि यांची मागून चिंब आहे. तळवा गार, चिकट. मधुमेहींना हृदयविकारात छातीत कळ येईलच असं नाही. जळजळ, मळमळ, नुसती धाप, नुसता घाम, काहीही असू शकतं. बायकांत आणि वयस्कांतही असंच. आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, आणि निघून ट्रेमध्ये पडून राहायला नको. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर धरून "बघितला?" असं विचारायचं.

त्या बाईची नाडी ११६, वरचं बीपी १०४. भागाकार १.१. मूल होण्याच्या वयाची बाई, ओटीपोटात दुखणं, घेरी: पाळी चुकलीय का याचं उत्तर काहीही आलं तरी गर्भधारणेची चाचणी करायची. गर्भ नळीत राहून नळी फुटली असली तर बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही, सगळं पोटात साठतं. तिला खुर्चीवर नाही, आडवं झोपवायचं, मोठी सुई लावून घ्यायची, डॉक्टरांना तोंडी सांगायचं. ती आणि ते गृहस्थ दोघेही नारिंगी. पाय मुरगळलेल्याला वेदनाशामक, पाय वर, बर्फ आणि हिरवी पट्टी. तो कुरकुरेल. कुरकुरू द्या.

बघा, सगळ्यात जास्त रक्त आणि सगळ्यात जास्त आवाज ज्याच्याभोवती होता तो चौथा लागला.

श्रेणीपद्धतींबद्दल फार बोलत नाही. ब्रिटनच्या मँचेस्टर पद्धतीत लाल लगेच, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा साठ, हिरवा एकशे वीस, निळा दोनशे चाळीस. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत लगेच, दहा, तीस, साठ, एकशे वीस. दक्षिण आफ्रिकेची पद्धत मनुष्यबळ कमी असलेल्या ठिकाणांचा विचार करून बेतलेली. तुमच्याकडे जी असेल ती वापरा, दोन पद्धतींची खिचडी करू नका. फक्त ईएसआय या अमेरिकेतल्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीतली (पहिली पायरी सगळ्यात तातडीची) एक गोष्ट कुठेही कामाला येते. तिथे पेशंटला तिसऱ्या पायरीवर ठेवण्याआधी थांबून आकडे बघायला सांगतात: मोठ्या माणसात नाडी १०० च्या वर, श्वास २० च्या वर किंवा सॅच्युरेशन ९२ च्या खाली असेल, तर दुसऱ्या पायरीवर न्यायचा विचार करा. पिवळ्यातला लाल शोधायची पायरी त्यांनी पद्धतीतच बसवून टाकलीय.

मुलांचं गणित वेगळं आहे. रडणारं मूल श्वास घेतंय, गप्प पडलेल्या मुलाकडे आधी बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या ट्रायाजमध्ये दोन महिन्यांखालचं बाळ, तक्रार कुठलीही असो, रांगेत पुढेच घेतात. श्वास जलद म्हणजे किती, तेही वयावर ठरतं. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. कण्हत श्वास सोडणं, नाकपुड्या फुलणं, फासळ्यांखाली खळगा, दूध तोडणं. मुलांत बीपी अगदी शेवटी कोसळतं, ते चांगलं आहे यात समाधान मानू नका. आणि आई म्हणाली, "याचं काहीतरी वेगळंच वाटतंय, हा असा नसतो," तर ते तसंच कागदावर लिहा आणि पायरी वाढवा. तिने त्याला चोवीस तास बघितलंय, तुम्ही दोन मिनिटं.

आकडे सगळे छान आणि तरी घड्याळ चालू, असाही एक गट आहे. आकड्यांवरच चालणारा माणूस तिथे हमखास फसतो. पक्षाघात: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साधारण साडेचार तास, आणि ती मोजायची शेवटचं ठीक कधी पाहिलं तिथून. सकाळी सातला उठले तेव्हा लक्षात आलं म्हणजे सुरुवात सातची नाही, रात्री झोपायला गेले तेव्हाची. पौगंडातला मुलगा लाजून "पोटात दुखतंय" म्हणतो आणि खरं दुखणं वृषणाच्या पिळाचं असतं. साधारण सहा तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली, पुढे ती घसरत जाते. आडपडदा न ठेवता, पण बाजूला नेऊन विचारा. डोळ्यात रसायन उडालेला: केसपेपर नंतर, आधी नळाखाली, धुणं चालू असतानाच नाव विचारा. लहान मुलाने बटणासारखा सेल गिळल्याचा संशय: अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजायला सुरुवात होते आणि मूल मात्र खेळत असतं. पॅरासिटामॉलच्या मूठभर गोळ्या घेतलेली मुलगी पहिला दिवस हसतखेळत असू शकते, यकृताचं नंतर कळतं. केमोथेरपी चालू असलेल्याला ताप, बस, एवढंच पुरे: त्याला गर्दीपासून वेगळं बसवा, पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय आणि बीपी १६०/११० आहे, तर ती डोकेदुखी म्हणून बाकावर बसणार नाही. आणि जिवाचं बरंवाईट करायचा विचार बोलून दाखवणारा माणूस: त्याचा एकही आकडा बिघडलेला नसतो, पण त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

आता दुसरा प्रश्न: बसवून ठेवलं आणि बिघडलं तर? बिघडतात. म्हणून ट्रायाज एकदा करून संपत नाही. श्रेणीला जी मुदत दिलीय ती उलटून गेली आणि डॉक्टर पोहोचले नाहीत, तर व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन) पुन्हा घ्यायची, वेळ टाकून लिहायची. त्याशिवाय जरा उसंत मिळाली की प्रतीक्षागृहात एक चक्कर. मी काय बघते ते सांगते. मघाशी कण्हणारा आता गप्प का झालाय. बसलेला होता तो दोन खुर्च्यांवर आडवा का झालाय. टॉयलेटला गेलेला परत आलाय का (तिथे कोसळलेली माणसं सापडतात, दार वाजवायला लाजू नका). ज्यांच्याबद्दल मनात किंतु आहे त्यांना मी समोरच्या रांगेत, माझ्याकडे तोंड करून बसवते. मान वर केली की दिसले पाहिजेत. खांबाआडची खुर्ची फक्त पाय मुरगळलेल्यांसाठी.

"काही वाटलं तर सांगा" हे वाक्य वापरू नका. कुणी सांगत नाही. त्यांना आधीच आपण अडथळा करतोय असं वाटत असतं. असं सांगा: "तुमच्या आधी दोन जण जास्त गंभीर आहेत, साधारण इतका वेळ लागेल. तोवर छातीत दुखलं, धाप लागली, घेरी आली किंवा उलटीत रक्त दिसलं, तर रांगेत उभं न राहता सरळ माझ्या टेबलाशी यायचं." हे सोबतच्या माणसाला, त्याच्याकडे बघून सांगा. भांडणं निम्म्याने कमी होतात हा फायदा वेगळा. नातेवाईक चिडतात ते बहुतेक वेळा थांबावं लागल्यामुळे नाही, का थांबायचं ते कुणी न सांगितल्यामुळे. तरीही एखादा टेबलावर मूठ आपटेल, एखादा ओळख सांगेल. ओळखीवर पायरी बदलत नाही, हे हसून पण एकदाच सांगायचं. अंगावर धावून येत असेल तर मात्र सिक्युरिटी बोलवा, तिथे धीर दाखवण्यात अर्थ नाही.

थांबणाऱ्याला रिकाम्या हाताने थांबवू नये. वेदनाशामक, दाबपट्टी, फळी बांधणं, तापाची गोळी, खोकणाऱ्याला मास्क, ताप आणि अंगावर पुरळ असेल तर वेगळी खोली: हे सगळं तुमच्या विभागाच्या लेखी सूचनांत बसत असेल तर टेबलावरच व्हायला हवं. तशा सूचना नसतील तर मागून घ्या. तीव्र वेदना हे स्वतःच पायरी वाढवायचं कारण आहे.

वर चढवल्याबद्दल बोलणी बसतील. "यासाठी नारिंगी?" असं कुणीतरी ट्रॉलीशेजारी उभं राहून विचारेलच. ऐकून घ्या. अपघाताच्या पेशंटबाबत अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचा मापदंड बघा: गंभीर माणूस खालच्या श्रेणीत जाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आत हवं, आणि त्यासाठी किरकोळ माणूस वरच्या श्रेणीत गेल्याचं प्रमाण पंचवीस ते पस्तीस टक्के झालं तरी चालेल. दोन्ही चुका सारख्या नाहीत. अर्थात सगळेच नारिंगी केले तर नारिंगीला कुणी धावणार नाही, तेही सांभाळा. मनात शंका चुकचुकली तर ती पायरी वाढवायला पुरेशी आहे. पायरी कमी करायला मात्र "मला काही विशेष वाटत नाही" हे कारण कधीच धरायचं नाही, तिथे आकडे लागतात.

मोठा अपघात होऊन एकदम वीस-पंचवीस जखमी आले तर हे सगळं बाजूला. तिथे स्टार्टसारखी पद्धत: चालू शकतो तो हिरवा. श्वास नाही, मार्ग मोकळा करूनही आला नाही, तर काळा, म्हणजे वाचण्याची आशा नाही. श्वास ३० च्या वर, केशिकांत रक्त परतायला दोन सेकंदांहून जास्त किंवा साधी आज्ञा पाळता येत नाही, तर लाल. बाकी पिवळे. माणसामागे तीस सेकंद, आणि उपचार दोनच: श्वासमार्ग उघडणं, रक्त थांबवणं. तिथला हिशेब जास्तीत जास्त जीव वाचवण्याचा असतो, रोजच्या टेबलावर तो लावायचा नाही.

केसपेपरवर निदान लिहू नका. "गॅस्ट्रो" लिहिलंत की पुढचा प्रत्येक जण गॅस्ट्रोच वाचतो आणि तो शिक्का पुसायला तास जातो. "उलट्या दोन दिवस, पोटात दुखणे, श्वास ३२" असं लिहा. वेळ, आकडे, पेशंटचे शब्द, तुम्ही काय सांगितलंत आणि पुन्हा कधी बघितलंत. डॉक्टरांना सांगताना एका दमात: वय, तक्रार, सगळ्यात वाईट आकडा, आणि तुम्हाला कशाची भीती वाटते. "साठ वर्षांचे, मधुमेही, जळजळ आणि घाम, हात गार, मला हार्टची शंका आहे." भीती बोलून दाखवायला संकोचू नका, त्या शेवटच्या तुकड्यामुळेच समोरचा हातातलं काम सोडून येतो.

ड्युटी बदलताना यादी टेबलावर ठेवून निघून जाऊ नका. येणाऱ्या सिस्टरला घेऊन प्रतीक्षागृहातून चालत जा, प्रत्येक खुर्चीपाशी थांबून चेहरा दाखवा: हे कधी आले, शेवटचे आकडे कितीचे, पुन्हा कधी बघायचे. बहुतेकदा याच फेरीत एखाद्याची श्रेणी बदलावी लागते.